शेकोटीवरचं गोडधोड: फॅमिली कॅम्पिंगला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

थंडी पडायला लागली की पवना, भंडारदरा, मुळशी असे प्लॅन सुरू होतात आणि त्याबरोबर तेच ते प्रश्न पण येतात, जेवणाचं कसंतरी जमतं हो, पण मुलांसाठी शेकोटीवर गोड काय करायचं? म्हणून नेहमी येणारे सगळे प्रश्न एका जागी उत्तरांसकट लिहिलेत. अगदीच घाई असेल तर १, २, १४ आणि १६ एवढे तरी वाचून निघा.

१. शेकोटी पेटली की लगेच गोड करायला घेता येतं का?

नाही, आणि बहुतेकांचं गोड इथेच बिघडतं. जाळावर साखर, गूळ, दूध काहीही ठेवलं की बाहेरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. गोडाला निखारे लागतात. बाभळीसारखं जड लाकूड असेल तर पेटल्यापासून पाऊण-एक तासाने चांगले निखारे पडतात, त्यांच्यावर पांढुरकी राख धरली की वेळ झाली समजायचं. म्हणून जेवण जाळावर उरकून घ्या आणि गोड शेवटी. तोवर निखारे फावड्याने किंवा जाड ओल्या फांदीने शेकोटीच्या एका कडेला ओढून ठेवा, म्हणजे शेकत बसलेल्या मंडळींचा जाळ पण चालू राहतो आणि तुमचं काम पण होतं.

आच ओळखायची रीत अशी: तळहात निखाऱ्यांच्या वर वीतभर उंच धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम, आठ-दहा सेकंद टिकला तर मंद. खाली जिथे जिथे कडक, मध्यम, मंद लिहिलंय ते ह्याच मापाने.

२. पहिल्यांदाच जातोय, काहीच येत नाही. सगळ्यात सोपं गोड कोणतं?

सालासकट भाजलेलं केळं. भांडं लागत नाही, पीठ लागत नाही, आणि थोडं कमीजास्त झालं तरी खाता येतं. केळं पिकलेलं पण घट्ट घ्या, भरपूर काळे ठिपके पडलेलं नको, ते भाजताना पार गळून जातं. बाकाच्या आतल्या बाजूने सालीला एकच लांब चीर द्या, दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच सोडून, मग चीर बोटाने जरा फाकवून त्यात चमचाभर किसलेला गूळ, अर्धा चमचा तूप, चिमूटभर वेलची पूड आणि असेल तर ओलं खोबरं भरा. मध्यम निखाऱ्यांवर जाळी ठेवून चीर वर राहील असं केळं ठेवायचं, जाळी नसेल तर दोन दगडांच्या मध्ये टेकवून. साल आधी तपकिरी होते मग काळी, कडेने बारीक फेस येतो, चुर्र आवाज सुरू होतो, मग गूळ विरघळून चिरेत बुडबुडे यायला लागतात आणि साल आपोआप अजून फाकते, तेव्हा झालं. साधारण आठ ते दहा मिनिटं. चिमट्याने उचला आणि पाच मिनिटं थांबा, आतला गूळ उकळता असतो. मग सालीतूनच चमच्याने खायचं.

राजेळी केळी मिळाली तर सोडू नका, भाजल्यावरही घट्ट राहतात आणि चव सुंदर येते. मुलांना गुळाऐवजी चॉकलेट हवं असतं, चालतं की, फक्त तुकडे शेवटच्या दोन मिनिटांत घाला नाहीतर करपून कडू होतात.

३. रताळी भाजायला किती वेळ लागतो? आमची नेहमी मधे कच्ची राहतात.

मधे कच्ची राहतात कारण ती निखाऱ्यांत टाकली जातात. रताळं फुफाट्यात पुरायचं असतं, म्हणजे गरम राखेत, आणि निखारे त्या राखेच्या वरून पसरायचे. दोन बोटं जाडीचं रताळं साधारण अर्ध्या तासात होतं, मनगटाएवढं असेल तर पाऊण तास धरा, मधे एकदा फिरवा. सुरी किंवा काडी आरपार गेली पाहिजे. एकाच जाडीची निवडून न्या म्हणजे सगळी बरोबर होतात. राख झटकून साल काढली की आतून वाफ येते आणि कडेला थोडा चिकट पाक सुटलेला दिसतो, त्यावर तूप आणि गूळ, बास. माझ्या मते शेकोटीवरच्या गोडांमध्ये ह्याच्यापुढे दुसरं काही नाही.

डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला गेलात तर गोवऱ्यांची आगटी आयतीच असते, हुरडा संपत आला की शेतकरी दादांना विचारून त्याच राखेत रताळी पुरून ठेवा.

४. पानगी शेकोटीवर होते का?

होते, आणि घरच्या गॅसपेक्षा छान होते कारण पानाचा आणि निखाऱ्याचा वास एकत्र लागतो. एक वाटी तांदळाचं पीठ, एक पिकलेलं केळं कुस्करून, पाव ते अर्धी वाटी गूळ, मूठभर ओलं खोबरं, मीठ चिमूटभर, चमचाभर तूप किंवा साय, आणि भज्याच्या पिठाएवढं सरसरीत होईल इतपत पाणी. हळदीची पानं श्रावण-भाद्रपदात भरपूर मिळतात, थंडीत बहुतेक केळीच्या पानावरच करावं लागतं. केळीचं पान आधी निखाऱ्यांवरून फिरवून मऊ करा नाहीतर दुमडताना चिरतं. तूप लावून पीठ पातळ थापा, वर दुसरं पान किंवा तेच पान दुमडून, आणि तव्यावर मध्यम आचेला एका बाजूने चार-पाच मिनिटं मग उलटून तेवढंच. पान हिरव्याचं खाकी-तपकिरी झालं आणि कडेने सहज सुटायला लागलं की पानगी तयार. जाड थापलीत तर मधे पिठूळ लागते, इथे हात आखडता घ्या.

५. शिरा करायचाय पण तिथे एवढं सामान कोण नेणार?

घरूनच अर्धं काम करून न्या. एक वाटी रवा अर्धी वाटी तुपात खमंग भाजून पूर्ण गार करा, त्यात तीन मोठे चमचे दूध पावडर, वेलची, बेदाणे-काजू मिसळून घट्ट डब्यात भरा. पाऊण वाटी साखर वेगळ्या पुडीत. तिथे अडीच वाट्या पाणी उकळवायचं, भांडं मंद निखाऱ्यांवर घ्यायचं, रवा घालून ढवळून झाकण, रवा फुलला की मग साखर आणि परत पाच मिनिटं झाकण. साखर आधी घातलीत तर रवा नीट फुलत नाही, टचटचीत राहतो, म्हणून पुडी वेगळी. दहा मिनिटांत शिरा तयार. भाजलेल्या रव्याचा डबा दोन-तीन दिवस आधी करून ठेवला तरी चालतं.

६. गूळ घातला की आमची खीर फाटते, काय करायचं?

खीर निखाऱ्यांवरून खाली उतरवा, पाच-सात मिनिटं थांबा, मग किसलेला गूळ घाला आणि परत आचेवर ठेवू नका. उकळत्या दुधात गूळ पडला की फाटायची शक्यता खूप. शेकोटीवर हे जास्त होतं कारण आच पटकन कमी करता येत नाही. रिस्कच नको असेल तर साखर वापरा. दूध नेणं कटकटीचं वाटत असेल तर एक वाटी दूध पावडरला तीन वाट्या पाणी, पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि भाजलेल्या शेवया घाला. तांदळाची खीर मात्र कॅम्पवर नका करू, तासभर ढवळत कोण बसणार आणि खाली लागली की सगळ्या खिरीला वास.

७. फक्त कणीक, तूप आणि गूळ आहे. काही होईल?

चुरमा होईल. विदर्भात गोवऱ्यांवर रोडगे भाजतात त्याच पद्धतीने जाडसर कणकेत तुपाचं मोहन आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट मळा, लिंबाएवढे गोळे करून जरा चपटे करा आणि गोवरीच्या किंवा लाकडाच्या मंद निखाऱ्यांच्या कडेला फिरवत फिरवत भाजा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, वरून तडे जातात, तसे गेलेच पाहिजेत. राख फडक्याने झटकून फोडा, आत ओलं पीठ दिसलं तर परत ठेवा. मग गरम असतानाच कुस्करून वितळलेलं तूप आणि चिरलेला गूळ. कुस्करायचं काम मुलांना द्या, खूप आवडतं त्यांना, फक्त जरा निवू दे आधी. रात्री वरण-वांग्याबरोबर रोडगे करणारच असाल तर त्यातलेच चार-सहा बाजूला काढा, वेगळं काही करायला नको.

८. मार्शमॅलो व्हेज असतात का? आणि जळतात का सारखे?

बहुतेक मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनतं, त्यामुळे पाकिटावर तपकिरी त्रिकोण आहे की हिरवा ठिपका ते बघूनच घ्या. जिलेटिन नसलेले व्हेज पण मिळतात, ते निखाऱ्यावर जरा लवकर वितळून गळतात म्हणून जास्त उंच धरायचे.

जळतात ते जाळात धरल्यामुळे. मध्यम निखाऱ्यांच्या वीतभर वर काडी हळूहळू गोल फिरवत राहिलं की दोन-तीन मिनिटांत सोनेरी होतो. पेटलाच तर फुंकून विझवा, काडी झटकू नका, पेटलेली साखर उडून समोरच्याच्या अंगावर पडते. अमेरिकेत तो चॉकलेटबरोबर दोन बिस्किटांत दाबून खातात, तिथल्या गर्ल स्काउट्सनी १९२७ साली ही कृती छापली होती. आपल्याकडे मारी बिस्किटं घेतली की झालं. नुसतं गोडमिट्ट लागत असेल तर बिस्किटावर चिमूटभर खारे शेंगदाणे कुटून टाका.

९. मार्शमॅलो किंवा फळं भाजायला तिथल्याच झाडाच्या काड्या चालतील का?

ओळखू न येणाऱ्या झाडाची काडी अन्नात खुपसू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई, थोर, एरंड ही आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सर्रास दिसणारी झाडं आणि ह्यांचा चीक किंवा इतर भाग विषारी असतात. कण्हेरीच्या फांद्या तर अगदी सरळ आणि हाताशी असतात म्हणून मुलं त्याच तोडतात, आणि ती जाळायची पण नाही. घरून लाकडी मुठीच्या स्टीलच्या सळया न्या. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवून घ्या. लांबी हातभर तरी हवी, जेवणात वापरतात त्या छोट्या काड्यांनी हात भाजतो.

१०. गोडाला धुराचा वास का लागतो?

लाकूड ओलं असतं म्हणून, किंवा अजून जाळ-धूर चालू असताना भांडं ठेवलेलं असतं म्हणून (१ पाहा). दूध आणि तूप वास फार पटकन धरतात, त्यामुळे खीर-शिऱ्यावर झाकण पाहिजेच. आणि रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड, जुनी खोकी, प्लॅस्टिक ह्यातलं काहीही शेकोटीत नको, त्याचा धूर खाण्यात नाही आणि छातीतही नाही जायला पाहिजे. रॉकेल-पेट्रोल ओतून पेटवायचं तर नावच काढू नका, सुक्या नारळाच्या शेंड्या आणि बारीक काटक्या पुरतात.

११. फॉइलमध्ये गुंडाळायचं की पानात?

कोरडं आणि कमी आंबट काही असेल तर फॉइल ठीक आहे. अननस, संत्रं, लिंबू पिळलेलं सफरचंद असं आंबट असेल तर आत केळीचं पान आणि बाहेर फॉइल, कारण आंबटाने फॉइलला बारीक भोकं पडतात आणि ते खाण्यात उतरतं. वापरलेलं फॉइल शेकोटीत जळत नाही, परत घरी आणायचं. मला स्वतःला पान जास्त आवडतं, वास येतो आणि कचरा उरत नाही.

१२. भांडी कोणती न्यावी आणि काळी झालेली घासायची कशी?

जाड बुडाची. बिडाचा तवा किंवा कढई असेल तर उत्तम, एकदा तापली की आच बराच वेळ धरून ठेवते. पातळ पातेल्यात शिरा मधे लागतो आणि कडेला कच्चा राहतो. चुलीवर ठेवायच्या आधी भांड्याला बाहेरून ओली माती किंवा राख लिंपायची जुनी पद्धत आहे, काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघते. प्लॅस्टिकच्या मुठीची भांडी आणि नॉनस्टिक घरीच राहू दे.

अजून एक, चूल मांडायला नदीतले ओले दगड घेऊ नका. आत पाणी मुरलेलं असेल तर तापल्यावर तडकून तुकडे उडतात.

१३. मुलांना कितपत जवळ येऊ द्यायचं?

शेकोटीभोवती पाच-सहा फुटांवर चुन्याने किंवा दगडांनी गोल आखा, आत फक्त काम करणारा येणार, पळापळी बाहेर. सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं मोठ्या माणसाच्या शेजारी बसून काडी धरू शकतात, त्याहून लहानांना भरायचं, कुस्करायचं, खोबरं पसरायचं असं काम द्या. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे आणि लोंबणाऱ्या ओढण्या नकोत, सुती किंवा लोकरी चालतील. लहान बाळ बरोबर असेल तर एक वर्षाच्या आतल्याला मध अजिबात द्यायचा नाही, चाटवायला सुद्धा नाही. अख्खे शेंगदाणे आणि अख्खा मार्शमॅलो पाच वर्षांच्या आतल्यांच्या घशात अडकू शकतो, कुटून किंवा बारीक कापून द्या.

१४. गरम गूळ किंवा पाक हातावर पडला तर?

पाक चिकटून राहतो म्हणून पाण्यापेक्षा खोल भाजतो. लगेच साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा, वीस मिनिटं, घड्याळ लावून. चिकटलेला गूळ ओढून काढू नका, पाण्याने सुटेल तेवढा सुटू दे. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद, काहीही लावायचं नाही. मग स्वच्छ कोरडं फडकं सैल गुंडाळा. मूल लहान असेल, चेहरा किंवा पंजा भाजला असेल, मोठे फोड आले असतील तर डॉक्टरकडे जायचंच, गाडी नसेल तर १०८ ला फोन. म्हणूनच शेकोटी पेटवायच्या आधी वीस लिटरचा एक कॅन पाणी शेजारी आणून ठेवलेला पाहिजे आणि तो स्वयंपाकाला वापरायचा नाही.

१५. पाऊस किंवा वारा आला तर शेगडी तंबूत घेता येईल का?

नाही. निखारे विझत आलेत असं वाटलं तरी नाही, दार उघडं ठेवून सुद्धा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. तंबूपासून शेकोटी पंधरा फूट तरी लांब आणि वारा तंबूकडून शेकोटीकडे जाईल अशी. वारा जोरात असेल तर ठिणग्या उडतात, त्या दिवशी १७ मधलं काहीतरी खा.

१६. मोकळी जागा दिसली की तिथे शेकोटी पेटवता येते का?

नाही. राखीव जंगलात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे नियम वेगळे लागतात. भंडारदऱ्याच्या बाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो हे लोकांना माहीतच नसतं. किल्ल्यांवर पण नको, तिथे तटाला-दगडाला टेकून चूल मांडलेली बघितली की फार वाईट वाटतं, काजळी शेकडो वर्षांच्या दगडावर बसते. खाजगी कॅम्पसाइट किंवा ओळखीच्याचं शेत असेल तर मालकाला विचारा, आधीच शेकोटी होत असलेल्या जागीच करा, आजूबाजूचं सुकं गवत दहा फूट साफ करून. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने डोंगर पेटतो, त्या दिवसांत गॅसची छोटी शेगडी बरी, तीही परवानगी असेल तिथेच.

१७. आगच चालणार नसेल तर गोड काय?

पोळीचा लाडू. घरून पोळ्या न्यायच्याच असतात, त्या बारीक कुस्करून गूळ-तूप घालून लाडू वळायचे, मुलं स्वतः वळतात. शिवाय दशम्या, गूळपोळ्या, राजगिऱ्याचे लाडू, शिकरण.

१८. उपवास, जैन मित्र, डायबेटिस, सगळे एकाच ग्रुपमध्ये आहेत, काय करू?

उपवासाला ३ मधलं रताळं सगळ्यात सोपं, केळं पण चालतं. जैन कुटुंब असेल तर रताळं नाही, भाजलेलं सफरचंद किंवा अननस ठेवा, मध वापरू नका, आणि सूर्यास्ताच्या आत करा, म्हणजे चार वाजताच शेकोटी पेटवावी लागेल. त्यांची जाळी-सुरी वेगळी ठेवलीत तर त्यांना बरं वाटतं. डायबेटिसला गूळ म्हणजे साखरच, "गूळ चालतो" असं आग्रहाने वाढू नका. त्यांच्यासाठी अर्धं सफरचंद दालचिनी घालून भाजा, वरून गोड काही नको, आणि किती खायचं ते त्यांनाच ठरवू दे.

१९. कळसूबाईसारख्या उंचीवर शिजायला जास्त वेळ लागतो का?

थोडासा. १६४६ मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाण्यात शिजणारं जरा रेंगाळतं. निखाऱ्यांवर भाजायच्या गोष्टींना फरक पडत नाही. तिथे आग पेटवायचा विषय मात्र १६ मध्ये आलाय.

२०. आम्ही अमेरिकेत असतो, इथे वेगळं काय?

कॅम्पग्राउंडवर लोखंडी रिंग असते, त्यातच आग. लाकूड घरून नेऊ नका, जवळच विकत घ्या, लाकडातून झाडांना मारणारे किडे एका भागातून दुसरीकडे जातात. उन्हाळ्यात वणव्यामुळे बऱ्याच ठिकाणी आगीवर बंदी असते, निघायच्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर बघा. अस्वलांचा भाग असेल तर गूळ, तूप, टूथपेस्ट सगळं लोखंडी पेटीत, तंबूत काहीच नाही. तिथल्या मार्शमॅलोतलं जिलेटिन बऱ्याचदा डुकराचं असतं, तेवढं पाकिटावर वाचा. पानगीला केळीची पानं इंडियन किंवा मेक्सिकन दुकानात फ्रोझन मिळतात.

२१. शेकोटी माती टाकून विझवली तर चालते ना?

नाही चालत. मातीखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि वरून काहीच दिसत नाही, सकाळी अनवाणी पळणारं मूल त्यावर पाय देतं. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, चुर्र आवाज थांबेपर्यंत. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या, ऊब लागली तर अजून पाणी. हे झोपायच्या आधी, सकाळी निघताना नव्हे.

२२. उरलेलं गोड रात्री कुठे ठेवायचं?

गाडीत, घट्ट झाकणाच्या डब्यात. तंबूत गुळाचा वास आला की मुंग्यांची रांग लागते आणि बाहेर ठेवलं तर कुत्री आणि पहाटे माकडं. दुधाचं उरलं तर ठेवू नका, संपवा. भाजलेली रताळी उरली तर मुद्दाम ठेवा, सकाळी साल काढून कुस्करून गरम दुधात थोडी साखर घालून नाश्त्याला द्या, मुलं पटापट खातात.